सातबाऱ्यावर नाव लागलं, आता अनुदानाचं काय? नव्या खातेदारासाठी पायरीपायरीनं

वडील गेल्यावर वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर तुमचं नाव चढलं. किंवा शहरातली नोकरी सोडून तुम्ही गावी परतलात आणि दोन एकर डाळिंब लावायचं मनात आहे. अशा माणसाला पारावर पहिल्याच आठवड्यात चार योजना ऐकायला मिळतात. ठिबकला ऐंशी टक्के, अवजाराला पन्नास टक्के, शेततळं, सौर पंप, शिवाय केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार. आकडे बहुतेक खरेच असतात. पारावर कुणी सांगत नाही ते इतकंच, की ठिबक-अवजाराचं अनुदान मागून येतं. आधी खर्च तुम्ही करायचा, तोही कृषी खात्यानं लेखी होकार दिल्यावर. मग साहेब येऊन बघणार, मग बिल वर जाणार, आणि मग कधीतरी खात्यात पैसे पडणार.

मी सांगोला तालुक्यातला. बरीच वर्षं स्वतःचे, भावकीतले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज भरत आलोय. पात्र नसल्यामुळं अर्ज अडलेला मी क्वचित पाहिला. अडतात ते नावामुळं, खात्यामुळं आणि उलट्या क्रमानं केलेल्या खरेदीमुळं. म्हणून खाली जो क्रम दिलाय तोच धरा. पहिल्या तीन पायऱ्या कंटाळवाण्या आहेत. त्या टाळून थेट अर्जावर गेलेली माणसं सहा महिन्यांनी परत याच पायऱ्यांवर आलेली दिसतात.

पहिली पायरी: सातबारा आणि आठ अ नीट वाचा

महाभूमी पोर्टलवरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. तो आणि आठ अ, दोन्ही काढा. सातबारा एका गटाचा असतो. वरचा नमुना सात जमीन कुणाची ते सांगतो, खालचा नमुना बारा त्यात कोणतं पीक आहे ते सांगतो. आठ अ मात्र तुमच्या खात्याचा असतो. त्या गावात तुमच्या नावावर एकूण किती क्षेत्र आहे ते त्यावर एकत्र दिसतं. तुम्ही अल्पभूधारक की 'इतर' हे ठरतं ते या एकूण क्षेत्रावर.

क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. दोन एकर म्हणजे साधारण ०.८१ हेक्टर. एक हेक्टरपर्यंत अत्यल्पभूधारक, एक ते दोन हेक्टर अल्पभूधारक, त्यापुढं इतर. दोन हेक्टर म्हणजे पाच एकराला थोडं कमी. लोक पाच एकर धरून चालतात आणि चार-दोन गुंठ्यांनी वरच्या गटात जातात. अनुदानाचा टक्का तिथंच खाली येतो.

आता नाव. सातबाऱ्यावर 'दत्तू', आधारवर 'दत्तात्रय', पासबुकात इंग्रजीत आणखी तिसरंच काहीतरी. गावाला माहीत असतं की हा एकच माणूस आहे, पण संगणकाला गाव माहीत नसतं. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. सातबाऱ्यात नुसती लिहिण्याची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडं दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आधार दुरुस्त करणं बहुतेक वेळा सोपं आणि लवकर होतं. म्हणून दोन्हींतलं एक बदलायचंच असेल तर आधी आधार बदलून जुळतंय का ते बघा.

वारसनोंद अजून झाली नसेल तर पुढचं काहीच वाचू नका, आधी ती करा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन अर्ज होतो. नोंद धरली की हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, प्रमाणित करतात. 'तलाठ्याला सांगितलंय' म्हणजे नोंद झाली असं धरू नका. फेरफार क्रमांक हातात घ्या. (तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय आणि कृषी सहाय्यकांचं सहाय्यक कृषी अधिकारी. पत्रात नवं नाव लिहा. तोंडी जुनंच चालतं, साहेबांनाही तेच सवयीचं आहे.)

सामाईक सातबाऱ्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण नवा माणूस सगळ्यात जास्त इथंच अडकतो. वडिलांच्या मागं आई, दोन भाऊ आणि लग्न झालेली बहीण अशी चार नावं लागतात. प्रत्यक्षात वाटण्या झालेल्या असतात, बांध पडलेले असतात, पण कागदावर गट एकच. अशा गटात शेततळं, विहीर, फळबाग घ्यायची म्हणजे बाकीच्या सगळ्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. बहीण सासरी, धाकटा भाऊ मुंबईला, आणि संमतीपत्राचा विषय काढला की जुनी भांडणं वर येतात. सगळ्यांचं पटत असेल तोवर तहसीलदारांकडं कलम ८५ खाली वाटप करून पोटहिस्से पाडून घ्या. मोजणीचा खर्च आणि वेळ दोन्ही जातात, पण पुढं प्रत्येक योजनेला प्रत्येकाच्या सहीसाठी फिरायची वेळ येत नाही.

दुसरी पायरी: फार्मर आयडी

ॲग्रिस्टॅकचा, म्हणजे सरकारच्या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचा, शेतकरी ओळख क्रमांक महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना सक्तीचा झाला. तो नसेल तर महाडीबीटीचं, म्हणजे अनुदानाचे अर्ज भरायच्या राज्याच्या पोर्टलचं, दारच उघडत नाही. सीएससी केंद्रात, म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रात, आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन गेलं की काम होतं. मोबाइल स्वतः घेऊन जा. ओटीपी त्यावरच येतो, आणि निम्म्या लोकांचा नंबर पोराकडं असतो, पोरगा पुण्यात असतो.

आयडी काढताना चूक होते ती एकच: गट राहून जातात. जमीन दोन गावांत असली तर केंद्रवाला पहिल्या गावाचे गट घेऊन फॉर्म पुढं ढकलतो. दुसऱ्या गावचा गट जोडलाच नाही तर त्या जमिनीवर तुम्ही अनुदानाच्या हिशेबानं शेतकरीच नसता. सबमिट करण्याआधी आठ अ शेजारी धरून गट मोजा. नंतर जमीन घेतली, वाटप झालं, वारसनोंद झाली तरी आयडीतली माहिती पुन्हा तपासावी लागते.

तिसरी पायरी: पैसे नेमके कुठल्या खात्यात जाणार?

'माझं आधार बँकेला जोडलंय' असं सगळेच म्हणतात. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. खातं उघडताना तुम्ही आधारची झेरॉक्स दिलीत, ती केवायसी, म्हणजे ओळख पटवणं. सरकारी पैसा आधारच्या पत्त्यावर यायचा असेल तर मात्र बँकेनं तुमचं आधार एनपीसीआयच्या (बँकाबँकांतला पैसा फिरवणारी संस्था) नोंदीत आपल्या नावावर चढवावं लागतं. त्याला सीडिंग म्हणतात. एका आधारला एका वेळी एकच बँक असते, आणि शेवटी जिथं सीडिंग केलं तिथं पैसा जातो. अर्जात तुम्ही कुठलं पासबुक जोडलं याला मग अर्थ उरत नाही.

यातून गंमत अशी होते. माणूस जिल्हा बँकेच्या खात्याकडं डोळे लावून बसतो. मध्यंतरी मोबाइलच्या दुकानात किंवा गॅसच्या निमित्तानं कुणीतरी अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं काढून दिलेलं असतं, सीडिंग तिकडं गेलेलं असतं. दोन वर्षांचे हप्ते त्या विसरलेल्या खात्यात पडून. आमच्या गल्लीत असे तिघे निघाले, आणि तिघांनीही तोवर कृषी कार्यालयाला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

तपासणं सोपं आहे. माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि ते चालू आहे की बंद, दोन्ही दिसतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा, डीबीटीसाठीचा (सरकारी पैसा थेट खात्यात यावा म्हणून) अर्ज द्या. नुसतं 'आधार लिंक करा' म्हणालात तर ते परत झेरॉक्स ठेवून घेतील. घाई असेल तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढून घेणं हा गावातला जवळचा मार्ग आहे.

चौथी पायरी: ई-पीक पाहणी

१५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची पद्धत आली. बांधावर उभं राहून फोटो काढायचा, घरी बसून होत नाही. हंगामाची मुदत असते, ती चुकवू नका. ही नोंद नसली की सातबाऱ्याच्या पीक रकान्यात काही दिसत नाही, आणि पुढं पीकविमा, नुकसानीची मदत, हमीभावाची खरेदी सगळीकडं 'तुमच्या रानात पीकच नव्हतं' असं ऐकावं लागतं. विहीर, बोअर, झाडं यांचीही नोंद याच वेळी करून टाका. ठिबकच्या अर्जाला पाण्याचा स्रोत दाखवावा लागतो.

पाचवी पायरी: सहा अधिक सहा हजार

पीएम किसानची सुरुवात २४ फेब्रुवारी २०१९ ला झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. सुरुवातीला दोन हेक्टरची अट होती, ती त्याच वर्षी काढून टाकली. राज्याची नमो शेतकरी महासन्मान योजना याच यादीवर चालते. तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीच्या कार्यक्रमात सुटला. तिला वेगळा अर्ज नाही. पीएम किसान चालू तर नमो चालू, तिकडं अडलं तर इकडंही अडलं.

नव्या खातेदारानं एक तारीख पाठ करावी: १ फेब्रुवारी २०१९. या तारखेला जमीन ज्याच्या नावावर होती तो पात्र. त्यानंतर विकत घेतलेली जमीन चालत नाही. मूळ मालकाच्या मृत्यूनंतर वारसानं आलेली जमीन चालते. इथं पुष्कळ घरांचा हिशेब चुकतो. वडील हयात असतानाच बक्षीसपत्रानं किंवा वाटपानं मुलांच्या नावावर जमीन करतात, आणि मुलांना वाटतं आता प्रत्येकाला सहा हजार. या नियमात ते बसत नाही. उलट वडिलांच्या नावावर काहीच उरलं नाही तर त्यांचाही हप्ता जातो. वाटप कशासाठी करताय ते आधी ठरवा. हप्त्यासाठी करत असाल तर करू नका.

कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन असली तरी लाभ एकालाच. आधीच्या वर्षी प्राप्तिकर भरलेला असेल तर लाभ नाही. विवरणपत्र भरलं पण कर शून्य आला, ही वेगळी गोष्ट. शहरातून परतलेल्यांनो, नोकरीच्या शेवटच्या वर्षाचा कर आठवा. सरकारी नोकर आणि निवृत्त नोकर वगळलेत, त्यात चतुर्थ श्रेणीला सूट आहे. दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शनवालेही बाहेर, नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीएही बाहेर. 'बघू, मिळतंय तोवर घेऊ' असं करू नका. वसुलीची नोटीस येते आणि घेतलेला सगळा पैसा परत करावा लागतो.

वडिलांच्या खात्यात त्यांच्या मागं हप्ते येत राहिले असतील तर ते काढून वापरू नका. तालुक्याला मृत्यूचं कळवा आणि वारस म्हणून तुमची नवी नोंदणी करा. अर्जात फेरफार आणि मृत्यूचा दाखला लागतो, वरच्या तारखेच्या अपवादात तुम्ही बसता हे त्यावरूनच सिद्ध होतं. ई-केवायसी ओटीपीनं, अंगठ्यानं किंवा ॲपमध्ये चेहरा दाखवून होते. हप्ता थांबला तर पोर्टलवर लाभार्थी स्थिती बघा. जमीन नोंद, ई-केवायसी आणि आधार-बँक सीडिंग या तिन्हींपुढं 'हो' आहे का ते पाहा. जिथं 'नाही' दिसेल तिथंच काम करायचं. हेल्पलाइन १५५२६१.

सहावी पायरी: महाडीबीटी, म्हणजे खरं अनुदान

बारा हजारांत वर्षाचं खतही निघत नाही. ज्यातून शेतीची घडी बदलते ते अनुदान महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर आहे. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, ठिबक, तुषार, शेततळं, शेडनेट, कांदाचाळ, भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना. आधी वर्षानुवर्षं लॉटरी निघायची. २०२५-२६ पासून 'प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य' आलं. म्हणजे नशिबाचा भाग कमी झाला आणि तारखेला किंमत आली. रुपये २३.६० शुल्क भरल्याशिवाय अर्ज दाखल होत नाही, तो नुसता जतन झालेला असतो. 'मी अर्ज केला होता' म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा अर्ज या तेवीस रुपयांवर अडकलेला असतो. पावती काढून ठेवा.

पुढचा क्रम असा. अर्ज, मग निवड झाल्याचा मेसेज, मग दिलेल्या मुदतीत कोटेशन आणि बाकी कागद अपलोड, मग छाननी, मग पूर्वसंमतीपत्र, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तो लेखी होकार. खरेदी त्याच्यानंतर. त्यानंतर बिल अपलोड, मोका तपासणी (साहेब रानात येऊन बघतात ती), आणि शेवटी खात्यात रक्कम.

या साखळीतली पूर्वसंमती ही कडी धरून ठेवा. माझ्या पहिल्या ठिबकची गोष्ट सांगतो. रोपं येऊन पडली होती, मार्च लागला होता, टँकरनं पाणी घालत होतो. दुकानदार म्हणाला, 'काका, निवड झालीय ना तुमची? पाइप घेऊन जा, पूर्वसंमती आली की त्याच्या नंतरच्या तारखेचं बिल देतो.' मी घेऊन गेलो, नळ्या अंथरल्या. पूर्वसंमतीच्या आधीच तालुक्याचे साहेब शेजारच्या मोका तपासणीला आले आणि माझं पाणी चालू असलेलं ठिबक बघून गेले. अर्ज रद्द. त्यांनी काही वाकडं केलं नाही, नियम तोच आहे. दुकानदाराचे पैसे मात्र पूर्ण द्यावे लागले. तेव्हापासून पूर्वसंमतीपत्राची प्रिंट हातात आल्याशिवाय मी टेम्पोवाल्याला फोन करत नाही, रोपं वाळली तरी.

पत्रावर खरेदीची मुदत लिहिलेली असते. ती उलटली तर निवडीवरच पाणी पडतं. म्हणून कोटेशन घेतानाच दुकानदाराला विचारा, माल शिलकीत आहे का. बिल जीएसटी क्रमांकाचं पक्कं हवं, आणि पैसे तुमच्याच खात्यातून त्यांच्या खात्यात जाऊ द्या. मेव्हण्याच्या फोनवरून पैसे पाठवून पुढं स्पष्टीकरणं लिहीत बसू नका. अवजाराचं जे मॉडेल पूर्वसंमतीत आहे तेच घ्या, त्याचा तपासणी अहवाल मान्य आहे का ते विक्रेत्याकडून आधी बघून घ्या. थोडं मोठं मॉडेल तेवढ्याच किमतीत मिळतंय म्हणून बदललंत तर कागद जुळत नाही.

आता टक्क्यांचा हिशेब, कारण इथं नवा माणूस दुखावला जातो. ठिबकला केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून अल्प आणि अत्यल्पभूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ आणि ३० टक्के पूरक. बेरीज ८० आणि ७५. ऐकायला छान. पण हे टक्के तुमच्या बिलावर नसतात, सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असतात. समजा तुमच्या क्षेत्राला आणि नळ्यांमधल्या अंतराला मापदंड एक लाखाचा बसतो आणि तुमचं बिल एक लाख तीस हजारांचं झालं. अनुदान ८०,००० येईल आणि घरातून पन्नास हजार जातील. पारावरच्या हिशेबानं सव्वीस हजारच जायला हवे होते. नळ्यांमधलं अंतर कमी असलं तर पाइप जास्त, म्हणून मापदंडही जास्त. डाळिंबासारख्या लांब अंतराच्या बागेला तो कमी बसतो. डिझाइन करणाऱ्या विक्रेत्याकडून मापदंडाचा आणि तुमच्या बिलाचा आकडा वेगवेगळा लिहून घ्या.

अवजाराला '५० टक्के किंवा कमाल मर्यादा, यांतली कमी रक्कम' असं लिहिलेलं असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अल्प-अत्यल्पभूधारकांना ५०, बाकीच्यांना ४०. 'यांतली कमी रक्कम' हे शब्द पत्रकात बारीक छापतात. महागडं यंत्र घेतलं म्हणून अनुदान वाढत नाही. वैयक्तिक शेततळ्यालाही असंच, खोदाई कितीही होवो, मुख्यमंत्री शाश्वत योजनेत कमाल ७५ हजार.

फुंडकर योजनेत रक्कम तीन वर्षांत विभागून येते, ५०, ३० आणि २० टक्के, आणि दरवर्षी ठराविक प्रमाणात झाडं जिवंत दाखवावी लागतात. मेलेलं रोप लगेच बदला. तपासणीच्या आदल्या दिवशी लावलेलं रोप कुणालाही ओळखू येतं.

मोका तपासणीला साहेब येतील तेव्हा तुम्ही स्वतः रानात हवेत. फोटोत शेतकरी, साहित्य आणि जागेचे अक्षांश-रेखांश एकत्र येतात. ठिबक चालू करून दाखवावं लागतं, म्हणजे त्या दिवशी वीज आणि पाणी दोन्ही हवं. वीज रात्रपाळीची असेल तर तपासणीची वेळ आधी बोलून घ्या.

आणि मग वाट बघा. निधी टप्प्याटप्प्यानं सुटतो, मार्चअखेर गर्दी होते. ठिबकचे केंद्राचे आणि पूरकाचे पैसे वेगवेगळे जमा होऊ शकतात, पहिली रक्कम कमी दिसली म्हणून लगेच तक्रार करू नका. उसनवारी करून वस्तू घेणार असाल तर उसने पैसे 'अनुदान आलं की देतो' या बोलीवर घेऊ नका. निदान वर्षभर अनुदान आलंच नाही तर काय, याचा हिशेब बसत असेल तरच पुढं जा. बसत नसेल तर एक एकराचंच ठिबक करा.

सातवी पायरी: महाडीबीटीच्या बाहेर

सौर पंप महावितरणकडं आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढं साडेसात. इथं पैसे मागून येत नाहीत, पंपच येतो, त्यामुळं हाती रोकड कमी असलेल्यानं आधी याचा विचार करावा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि आदिवासी शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना, यांचा अर्ज ऑनलाइन होतो पण काम जिल्हा परिषदेच्या कृषी विभागातून चालतं. चौकशी पंचायत समितीत करा, तालुका कृषी अधिकारी कार्यालयात नाही. नव्या विहिरीची मर्यादा २०२४ मध्ये अडीच लाखांवरून चार लाख झाली.

पीकविमा अनुदानात मोजू नका. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता स्वतः भरायचा.

कुठं अडलं तर

आधी सहाय्यक कृषी अधिकारी, मग मंडळ, मग तालुका कृषी अधिकारी. तोंडी विचारा, पण दोनदा विचारून उत्तर आलं नाही तर तिसऱ्यांदा लेखी द्या आणि पोच घ्या. त्यानंतरही हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. प्रश्न भांडणाचा नको, नेमका हवा: 'माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जाची आजची स्थिती, तो कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे, आणि त्रुटी असल्यास तिची प्रत.' नियमात बसणाऱ्या माणसाची फाइल अशा अर्जानंतर सहसा हलते.

पीएम किसानच्या पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावातल्या लाभार्थ्यांची यादी कुणालाही बघता येते. ती एकदा वाचा. तुमचं नाव आहे का ते कळेलच. गेलेल्या माणसांची नावं अजून आहेत का तेही कळेल, ते ग्रामसभेत शांतपणे मांडता येतं.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान यादी' किंवा 'केवायसी' नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी) आली तर उघडू नका. ती फोनमधलं बँक ॲप रिकामं करायला पाठवलेली असते. एजंटला अर्ज भरण्याचे पैसे देणं समजू शकतो, कष्ट आहेत त्यात. मात्र लॉगिनचा नंबर आणि ओटीपी त्याच्याकडं कायमचा ठेवू नका. अर्जात त्यानं स्वतःचा मोबाइल टाकलेला असेल तर निवडीचा मेसेज त्याला जाईल, मुदत तुमची संपेल.

पैसे जमा झाले की पासबुकात एन्ट्री मारून घ्या आणि पूर्वसंमतीपत्र, बिल, तपासणीचा फोटो एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. त्याच गटावर पुन्हा ठिबकचं अनुदान सात वर्षांनीच मिळतं. सात वर्षांनी तारीख विचारली जाईल तेव्हा तुमच्या आठवणीवर कुणी विश्वास ठेवणार नाही.